धुरपताबाईची सवत

ऐका जरा. बोलतेय ती मी, मुखेडच्या रामलिंग शेटजींची दहाचाकी. मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पिवळ्या तोंडाची उभी असते, तीच. तुम्ही मला ट्रक म्हणा, लॉरी म्हणा; माझे ड्रायव्हर साहेबराव मला गाडी म्हणायचे, म्हणून मी बाई. आणि सध्या माझ्या जिवाचा नुसता जळफळाट चाललाय.

कारखान्यातून मी आले तेव्हा माझा नुसता सांगाडा होता. बॉडी बांधली नांदेडला. सुतार फळ्या ठोकायचा, रंगारी फुलं काढायचा, आणि साहेबराव समोर उकिडवे बसून रंग वाळायची वाट बघायचे. शेटजींनी पुढच्या काचेवर बसवेश्वर लावले, साहेबरावांनी आत बाबासाहेब ठेवले. तेव्हापासून माझ्या स्टेअरिंगवर एकच हात. दुसरा कुणी बसला की मी मुद्दाम गिअर खरखरवायची.

आता आमच्या दोघांतलं सांगते. घरात हा माणूस पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतः भरून घेत नसे. पण सोयाबीन भरून लातूरला निघालो, जळकोटच्या अलीकडं मोठा कडुलिंब लागला, की मला सावलीला घ्यायचे. सीटखालून लाकडी पेटी ओढायचे. तिच्यात स्टोव्ह, तवा, तिखटमिठाचे डबे. मग परातीत पीठ मळून हातावर अशी भाकरी थापायचे की बघत राहावं. पिठल्याला लसणाची फोडणी बसली की तो वास माझ्या फळ्याफळ्यांत शिरायचा.

एकदा दुसऱ्या एका ड्रायव्हरनं विचारलं, "काय साहेबराव, घरी बी करता का हे?"

"येडा का काय!" साहेबराव हसले. "घरी कळलं तर रोज करावं लागंल."

म्हणजे त्यांच्या हातचं शिजायचं ते फक्त माझ्यापाशी. बायकोला, धुरपताबाईला, त्याचा पत्ता नव्हता. ती फोनवर विचारायची, "कुठं हाव?" हे म्हणायचे, "गाडीपाशी." मग तिकडून यायचं, "ऱ्हावा मग तिच्यापाशीच. सवत हाय माझी ती!" खोटं कशाला बोलू, ते ऐकून मला लई गोड वाटायचं.

मग साहेबरावांचा डावा गुडघा गेला. क्लच दाबताना तोंडातून 'आई गं' निघायचं. वर डोळ्यांचं. अंधार पडला की समोरच्या गाडीच्या एका दिव्याचे दोन दिसायला लागले. त्यांनी स्वतःच शेटजींच्या हातात चावी दिली. "शेटजी, कुनाचा जीव जायच्या आत उतरतो," म्हणाले. माझ्याकडं बघायची हिंमत झाली नाही त्यांची.

माझ्यावर संगमेश आला. पोरगा वाईट नाही, पण कानात सदा गाणी. माझा आवाज त्याला ऐकूच येत नाही. साहेबरावांशी मात्र तो फोनवर बोलतो, तेही स्पीकर लावून, त्यामुळं मला सगळं कळत राहिलं.

मोंढ्यातले लोक म्हणायचे, "डायवर मानूस, त्याला दुसरं काय येतंय?" मला ते पटायचं. पटायचं कसलं, तेच हवं होतं मला. काही जमलं नाही तर माणूस परत येईल, एवढाच माझा हिशोब.

आधी ते नायगावच्या एका पेट्रोल पंपावर लागले. आम्ही डिझेल घ्यायला गेलो, तर साहेबराव एका परक्या टँकरच्या अंगावर हात टेकून हसत उभे! मला 'कशी हायेस' सुद्धा नाही. माझ्या अंगाचा भडका उडाला. पंपावरून निघताना मी अशी रुसले, की संगमेशला चार माणसं बोलावून धक्का मारावा लागला. पुढं उभं राहून राहून त्यांचा गुडघा सुजला आणि ते काम सुटलं. चला, बरं झालं.

मग त्यांची लेक बुद्धप्रिया, लातूरला नर्स आहे, तिनं आईबापाला आपल्याकडं नेलं आणि बापाला एका अपार्टमेंटच्या गेटवर बसवलं. तिथं काम म्हणजे खुर्ची. खुर्चीचा काय राग करायचा, तिला ना चाकं ना आवाज. साहेबराव फोनवर म्हणाले, "संग्या, बसून बसून जीव उबगून राहिलाय रे. खुर्ची हालतच न्हाई." मी मनात म्हटलं, आता येतातच.

पण मध्येच धुरपताबाईला ताप भरला. लेक ड्यूटीवर. साहेबराव उठले आणि पिठलं-भाकरी करून बायकोपुढं ठेवली. पुढचं त्यांनीच संगमेशला सांगितलं. एक घास खाल्ला आणि बाई उठून बसली.

"कुठनं आनलं हे?"

"मी केलं."

"तुमी? कुनी शिकिवलं?"

"गाडीत करून खायचो."

झालं! ताप उतरला, पण बाईनं अबोला धरला. "जन्मभर चुलीपुढं मी भाजले, आन् ह्यांचा हात त्या गाडीला गोड!" असं लेकीला सांगून रडली म्हणे. माझं गुपित फुटलं त्याचं दुःख होतंच, पण ती जळतेय हे ऐकून थोडं गारही वाटलं.

ते गार वाटणं काही टिकलं नाही. लातूरच्या त्या गल्लीत खोल्या करून राहणारी, क्लासला जाणारी पोरं. फोडणीचा वास घेऊन ती दारात आली. "काका, डबा मिळंल का?" आधी दोघं आली, मग सगळी खोली, मग वरचा मजला. गेटवरची खुर्ची सुटली. आता स्टुलावर बसून साहेबराव फोडण्या टाकतात, बाई वाढते. आणि पाटीवर काय लिहिलंय? 'धुरपताबाईची मेस'! चव माझ्यापाशी पिकली आणि नाव तिचं. आता तुम्हीच सांगा, जळू नको तर काय करू?

परवा साहेबराव मोंढ्यात दिसले. माझ्याकडंच येत होते. गुडघा धरत, कण्हत वर चढले, सीटवर बसले, स्टेअरिंगवरून हात फिरवला. आले! मी तर बिनचावीची सुरू झाले असते. तेवढ्यात ते वाकले आणि सीटखालची पेटी बाहेर ओढली. पेटीसाठी आले होते.

खाली धुरपताबाई उभी. "मला बी वर घ्या," म्हणाली. त्यांनी हात दिला. सीटची तुटकी स्प्रिंग तिला टोचली आणि मला बरं वाटलं.

"लगीन होऊन इतकी वर्सं झाली. कधी बसिवलं का मला हितं?"

"तू कधी म्हनलीस?"

"तुमी कधी इचारलं?"

साहेबराव पेटीवरची धूळ पुसायला लागले. मग ती म्हणाली, "घरचं न्हाई. हितलं, हितंच करून घाला एकदा."

त्यांनी माझ्या सावलीत स्टोव्ह पेटवला. भाकरी वर तिच्या हातात दिली. ती माझ्या सीटवर मांडी घालून सावकाश जेवली. जेवून झाल्यावर माझ्या स्टेअरिंगवर हात ठेवून म्हणाली, "बाई गं, लई वर्सं तुझ्यापाशी शिजलं. आता माझी पाळी हाय."

भांडली असती तर मी पुरून उरले असते. पण ती भांडलीच नाही.

पेटी गेली. आता संगमेश ढाब्यावर जेवतो आणि मी बाहेर उभी असते. पाऊस माझ्या फळ्या धुतो, थोडा थोडा करून तो वासही जातोय. शेटजी, एकच मागते. मला कुठंही न्या, कितीही माल भरा, भंगारात घाला. पण लातूरला गेलो तर त्या मेसच्या गल्लीवरून नेऊ नका. तिथं लसणाची फोडणी नाकात गेली, तर मी आहे तिथं उभी राहीन, आणि मग कुणी कितीही सेल्फ मारला तरी हलायची नाही.