चिंबोरी

कमळाकरने ती गाडी आणली तेव्हा तळवलीत न हसलेला माणूस शोधून सापडला नसता. तळोज्याच्या भंगारवाल्याकडे गवतात वर्षानुवर्षं लोळत पडलेली जुनी लष्करी गाडी होती ती. वर छप्पर नाही, खाली टायर नाहीत. रणगाड्याला असतात तसे दोन लोखंडी पट्टे, आणि हात लावला की गंजाच्या खपल्या निघत.

"जावयबापू, लढाय कोनाशी हाय?" जो तो विचारायचा. कमळाकर मूळचा घणसोलीचा, तळवलीचा घरजावई, त्यामुळे त्याची चेष्टा करायला अख्ख्या गावाला परवानगी होती. गाडी खेकड्यासारखी चिखलात चालणार म्हणून कुणीतरी तिला चिंबोरी म्हणालं आणि तेच नाव पडलं.

पुतळा, त्याची बायको, तेवढी हसली नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याने तिच्या शेतासाठी पहिल्यांदाच काही मनावर घेतलं होतं.

शेत तिचं होतं. बापाला दुसरं मूल नव्हतं, म्हणून खाडीकाठचा तो तुकडा तिच्या नावावर आला. आजूबाजूची जमीन नव्या शहरात गेली, समोर इमारती उभ्या राहिल्या, हा तुकडा कसा कोण जाणे सुटला. बाहेरून मातीचा बांध, आत लाल राता भात. पण उधाणाच्या भरतीने बांध फोडला होता. गावात त्या भगदाडाला खांड म्हणतात. खांड बुजवायला ओंडके लागतात आणि तिथवर ट्रक जात नाही, अर्ध्या वाटेवर रुतून बसतो. पूर्वी होडीतून ओंडके न्यायचे, तर खाडीचा तो फाटाच आता भराव टाकून बुजवलेला. म्हणून पट्ट्याची गाडी.

कमळाकर रस्त्यापलीकडच्या कारखान्यात फिटर होता, कारखान्याला टाळं लागल्यापासून घरी बसलेला. दिवाळीनंतर त्याने अंगणात गाडी उकलली. पट्ट्यांच्या पिना जाम झाल्या होत्या; पुतळा त्या रॉकेलमध्ये भिजत घाली, तारेच्या काथ्याने घासून देई. जुनं इंजिन कामातून गेलेलं, त्याच्या जागी भंगारातल्या मॅटॅडोरचं बसवलं. गाडीला स्टिअरिंग नव्हतं, दोन दांडे होते. डावा ओढला की डावा पट्टा थांबे आणि गाडी डावीकडे वळे. कमळाकर खाली झोपून आवाज ऐके आणि वर बसून दांडे ओढायला पुतळा. इंजिन सुरू करायला हँडल मारण्यापासून सगळं ती शिकली. नऊवारीचा काष्टा घट्ट करून ती दांड्यांवर बसली की बायका तोंडाला पदर लावत. तिला त्याचं काही वाटत नसे. त्या दिवसांत ती सुखी होती, सरळ सांगायचं तर लग्नाच्या वर्षापेक्षाही सुखी.

पट्ट्यातल्या एका लोखंडी पट्टीला तडा होता. तसली पट्टी कुठे मिळेना. तेव्हा पुतळाने माळ्यावरून बापाच्या नांगराचा फाळ काढून दिला.

"बापाची आठवन हाय ती. राहू दे," कमळाकर म्हणाला.

"बापाच्याच बांधावर जानार ना? मग लावा."

त्याने फाळ ठोकून सपाट केला आणि तड्यावर आडवा वेल्ड केला. चिंबोरी चालली की चिखलात दातांचे ठसे उमटत आणि मधेच एक तिरकी रेघ.

ओंडके पनवेलच्या खलीलभाईंच्या वखारीतून आले. त्यांचे वडील आणि पुतळाचा बाप एका होडीतून फिरलेले. लाकूड किंजळीचं, खाऱ्या पाण्याला दाद न देणारं.

"खांडीत जाणाऱ्या लाकडाचा सौदा नाय करत, बाय," म्हणून खलीलभाईंनी विषय संपवला.

शिमग्यानंतर ओहोटी बघून गाव बांधावर जमलं. रीत जुनी होती. घरटी एक माणूस यायचा, मजुरी घ्यायची नाही, जेवण शेतमालकाकडे. हाताला लागेल ते खांडीत टाकायचं, आणि एकदा टाकलेलं परत मागायचं नाही. पुतळाच्या बापाने एकदा स्वतःची होडी ढकलून दिली होती. पुढे त्या होडीचं नावही त्याने काढलं नाही. चिंबोरीने ओंडके ओढत नेले, लोकांनी ते रोवून वर चिखल चोपला, आणि खांड बुजली. ज्यांनी चेष्टा केली होती त्यांनीच कमळाकरला खांद्यावर घेतलं.

पावसाने जमिनीतला खार धुतला. लावणी झाली. घणसोलीचा मितेश, बिल्डरचा माणूस, छत्री घेऊन दोनदा येऊन गेला. पुतळाने त्याला चहा पाजला आणि सांगितलं, "या शेतात भात पिकतं तवर मी सही नाय करनार." कमळाकर शेजारीच बसून बशीतला चहा फुंकत होता.

कोजागिरीच्या आधी पुतळा बहिणीकडे करंजाड्याला गेली, भाचीच्या बाळाच्या बारशाला. परत आली ती घरी न जाता आधी शेतावर. भात पोटरीत होतं, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात; बघायची घाई झाली होती.

शेतात समुद्र होता. पिवळे पडलेले शेंडे तेवढे पाण्यावर दिसत होते. खांड पुन्हा उघडी, आणि किंजळीचा एकही ओंडका जागेवर नाही. उधाणाने नेले असतील, असंच तिच्या मनात आलं. मग तिने बांधाकडे पाहिलं. सुकत आलेल्या चिखलात दातांचे ठसे होते, जाताना आणि येताना, आणि मधेमधे तिरकी रेघ. बापाच्या फाळाची.

चोराने केलं असतं तर तिने शिव्या घातल्या असत्या. इथे शिवी सुचेना.

घरी कमळाकर ओटीवर बसला होता. तिने पायाचा चिखल दाखवला आणि विचारलं, "का?"

आधी तो उधाण म्हणाला. मग म्हणाला, "तूच बोललीस, भात पिकतं तवर. किती दिवस सांभालनार तो तुकडा? मितेश चिंबोरीला साइटवर कायमचं काम देतो. मना पन कायतरी पायजे ना, पुतला. किती दिवस जावय म्हनून राहू?"

"आनि ओंडके?"

"चिंबोरीने रस्त्यावर आनले, तिथून मितेशचा ट्रक घेऊन गेला."

सगळ्यात जास्त तिला काय लागलं? भात नाही, ओंडके नाहीत. गाडी आणली त्या दिवसापासूनच याच्या मनात हे होतं, की तिने त्या पिना घासल्या तेव्हा तरी तो खरा होता, हे आता तिला कधीच कळणार नव्हतं. ते सुखसुद्धा त्याने नासवलं होतं.

तिने आणखी काही विचारलं नाही. शेजारच्या म्हाताऱ्या गोजराआतेला सांगून तिने गावाला हाळी घातली. ओहोटीला घरटी एक माणूस फावडं-टोपली घेऊन बांधावर आला. चिखलातले ठसे सगळ्यांना वाचता येत होते. कुणी हसलं नाही. पण खांडीत टाकणार काय? लाकूड नव्हतं.

तेवढ्यात चिंबोरीचा आवाज आला. पुतळा दांड्यांवर होती. बांधावरून ती सरळ आली, खांडीत उतरली, डावा दांडा ओढून तिने गाडी आडवी केली आणि इंजिन बंद केलं. मग उतरून हँडल खाडीत भिरकावलं.

"टाका माती," ती म्हणाली.

कमळाकर मागून धावत आला. "पुतला! अगं गाडी हाय ती! बाहेर कारा ती, कारा!"

"जावय," गोजराआते म्हणाली, "खांडीत टाकलेलं परत मागत नाय."

चिखलाच्या टोपल्या पडू लागल्या. आधी पट्टे बुडाले, मग दांडे. कमळाकर बघत उभा राहिला. शेवटी त्याचं तोंड उतरलं; त्याने खाली वाकून एक रिकामी टोपली उचलली आणि रांगेत उभा राहायला गेला.

पुतळाने ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"घरटी एक मानूस," ती म्हणाली. "आमच्या घरचा मी हाय."