आदर्श सोबती

आमच्या भागातल्या आरोग्य केंद्राला यंदा नवं खूळ लागलं. तान्ह्या मुलांच्या आयांना रोज दुपारी मोबाइलवर मेसेज: 'आज मोकळ्या हवेत चालून या!' शिवाय घरातल्या एकाने 'सोबती' म्हणून नाव द्यायचं. त्यालाही मेसेज: 'आज बाळाला सांभाळून तिला वेळ दिलात ना?' बोलाचीच कढी, बोलाचाच भात!

माझ्या वरच्या मजल्यावर मिन्-ग्योंग राहते. पोर झाल्यापासून तिला सगळे हेदामची आई म्हणतात, मीसुद्धा. बाळंतपणापासून तिची कंबर धरलेली. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलेलं. ओढ्याकाठची वाट खिडकीतून दिसते. बिचारीला फक्त अर्धा तास हवा होता, कडेवर पोर नसलेला.

तिचा सोबती म्हणजे नवरा, ग्यू-सॉक. हा कंपनीतला हुकमाचा ताबेदार. साहेबाचा मेसेज आला की जेवणाच्या काड्या खाली ठेवून 'होय, लगेच करतो' असं लिहायची सवय अंगात मुरलेली. काम नंतर झालं काय, न झालं काय, उत्तर आधी गेलं पाहिजे. आरोग्य केंद्रालाही त्याने साहेब करून टाकलं. 'होय, वेळ दिला. धन्यवाद.' आणि तेव्हा घरी बायको पाठीवर पोर बांधून किमचीच्या लोणच्यासाठी कोबी चिरत असायची.

"अहो, आज तरी धरा ना हिला. जरा चालून येते."

"आत्ताच आलोय गं. उद्या बघू. पण तू चालत का नाहीस? रोज विचारतात ते."

"मग काय सांगता त्यांना?"

"चाललीस म्हणून. सरकारी माणसांना नाही कसं म्हणायचं? वाईट दिसतं."

हे तिने मला जिन्यात सांगितलं. मी म्हटलं, "त्याच्या उत्तरांनी कंबर बरी होत असती, तर तू आत्तापर्यंत डोंगर चढून आली असतीस!" ती हसली नाही. मला माझ्याच जिभेचा राग आला.

मग शनिवारी केंद्रात समारंभ झाला. एकही उत्तर न चुकवणारा 'आदर्श सोबती' कोण? आमचा ग्यू-सॉक! टाय लावून, कंबरेत वाकून त्याने प्रशस्तिपत्र घेतलं. कंबर त्याची ठणठणीत होती.

केंद्रातल्या बाईंनी माइक पुढे केला. "हेदामची आई, यांनी कशी मदत केली, दोन शब्द सांगा."

तिने पाठीवरचा पट्टा सोडला आणि प्रशस्तिपत्र धरलेल्या त्याच्या हातांत पोर ठेवली.

"मदत आत्ता सुरू होतेय. बाटली पिशवीत आहे, हेदामचे बाबा."

आणि ती पायऱ्या उतरून सरळ बाहेर गेली. केंद्राच्या खिडकीतून मला ती ओढ्याकडे वळताना दिसली. इकडे पोरीने भोकाड पसरलं, बाई माइक धरून तशाच उभ्या.

तेवढ्यात ग्यू-सॉकच्या खिशातला मोबाइल वाजला, रोजच्या वेळेला. उत्तर द्यायला त्याचा एकही हात मोकळा नव्हता.