फॉस्फेट आणि हत्ती

"फास्फेट?" साळूबाई खुर्चीवरून उठलीच. "तरी मी ह्यांना म्हनत व्हते, खत उघड्या हातानं नका फेकू!"

औरंगाबादहून जालन्याला येणारे मेंदूचे डॉक्टर हसू दाबत म्हणाले, "आजी, खताचं नव्हे. हे अंगातलंच असतं, तुमच्यात, माझ्यात. मेंदूच्या पेशींत बारीक वाटा असतात. टाऊ नावाचं एक प्रथिन त्या वाटा बांधून धरतं. त्याला फॉस्फेट जरुरीपेक्षा जास्त चिकटलं की ते वाटेवरून सुटतं आणि आपसातच गुंततं. मग निरोप पुढं जात नाहीत, माणूस विसरत जातो. रखमाजींचं तसंच काही झालंय असं वाटतं."

"मंग गुंता सोडवायची गोळी द्या की जल्दी."

"ती अजून निघालेली नाही. तुम्ही बोलत राहा त्यांच्याशी. जुनं जुनं काढा."

शेजारी तिचा नवरा रखमाजी टेबलावरची घंटी वाजवण्यात दंग होता.

गावी, तीर्थपुरीला पोचल्या पोचल्या साळूबाईनं पहिलं काम काय केलं असेल? खताच्या रिकाम्या गोण्या उसवून तिनं नवऱ्याला दुपारच्या झोपेसाठी अंथरूण शिवलं होतं, ते उकिरड्यावर फेकलं. मग रखमाजीला न्हाणीत बसवून शिकेकाईनं असं घासलं, की त्याचं नाक लाल झालं.

"माय, खताचा काय बी संबंध न्हाई म्हनले ना डॉक्टर!" तिच्या लेकानं, मच्छिंद्रनं, कपाळाला हात लावला.

"गप रे! अंगातलं न्हाई तर गोणीतलं, थोडं तर कमी व्हईल."

कमी करणं हा त्या घरातला जुना धंदा. साळूबाई थापांची राणी, आणि रखमाजी तिचं गिऱ्हाईक. वांग्याचा भाव पाडावा तसा तो तिची गोष्ट पाडायचा. तिनं वाघ म्हटलं, की हा म्हणायचा, "कमी कर, साळू." वाघाचा तरस व्हायचा, तरसाचा कोल्हा, आणि शेवटी शेजारच्या केशरबाईचं मांजर निघालं, की मांडीवर थाप मारून म्हणायचा, "आता बराबर!"

पण परवा तिनं विहिरीत मगर सोडली, तर हा म्हणाला, "आसंल."

त्या एका 'आसंल'पायी तर जालन्याची वारी झाली.

संध्याकाळी तिनं त्याला अंगणात बाजेवर बसवलं. केशरबाई आलीच होती शेंगा फोडायला. साळूबाईनं पदर खोचला.

"जांबच्या जत्रंत मी येका हातानं पाळना थांबीवला व्हता. मानसं बसलेला!"

रखमाजी शेंगा चावत राहिला.

"मंग तसाच उचलून घरी आनला." तिनं मुद्दाम चढवलं. बोल की रे बाबा, कमी कर म्हण!

रखमाजी अंगणभर नजर फिरवून काळजीनं म्हणाला, "मंग ठिवला कुठं?"

केशरबाई फिसकन हसली. साळूबाईही हसली, पण तिला शेंगांच्या टरफलात तोंड खुपसावंसं वाटलं.

तेवढ्यात रखमाजी पुढं सरकला. "केशर, तुला म्हाईत हाय का? ही नवी नवरी व्हती ना, हत्तीवर आल्ती."

हत्ती कुठला! माहेराहून, पिंपळगाव रेणुकाईहून निघालेल्या बैलगाडीचं चाक मोडलं होतं, आणि नवी नवरी चपला हातात घेऊन चिखल तुडवत या दारात आली होती. उभ्या जन्मात रखमाजीनं थाप म्हणून मारली नव्हती.

"साळूबाई, आता तू कमी कर की!" केशरबाई डोळे मिचकावत म्हणाली.

साळूबाईनं तोंड उघडलं. रखमाजी तिच्याकडं एकटक बघत होता, तोंडभर हसत, दाराशी नवरी उतरवून घ्यायला उभा असल्यासारखा.

"पांढरा व्हता," तो म्हणाला. "सोंडंत झेंडूचा हार."

"दोन हार व्हते," साळूबाई म्हणाली. "येक तुमच्यासाठी."

"बराबर!" रखमाजीनं मांडीवर थाप मारली.

साळूबाईनं खोचलेला पदर सोडून डोक्यावर घेतला, आणि त्याच्याशेजारी बाजेवर अशी ताठ बसली, जणू सगळं तीर्थपुरी खाली उभं राहून माना वर करून बघत होतं.