भाषणाचा विषय राहिला होता

"पुन्हा सोडलास?" झुल्मिराबाईंनी चष्मा कपाळावर ढकलत विचारलं.

"सोडला नाही, बाई. जरा पुढे ढकललाय."

"चेबो, मागच्या वेळीही हेच म्हणाला होतास. याच खुर्चीत बसून."

"खुर्ची आहेच तशी. उठावंसं वाटत नाही."

"तेच तर दुखणं आहे तुझं!"

चेबो क्विंतानार मनापासून हसला. तो शाळेची पिवळी बस चालवायचा. सकाळची पोरं शाळेत सोडली की बस कॉलेजच्या आवारात पार टोकाला उभी करायची आणि दुपारच्या फेरीपर्यंत वर्गात जाऊन बसायचं, असा त्याचा कित्येक वर्षांचा शिरस्ता. पोटाशी स्टिअरिंग घासू लागलं होतं, मिशा पांढऱ्या व्हायला आल्या होत्या, पण शाळेत मास्तर व्हायची हौस काही जात नव्हती. त्यासाठी पदवी हवी. हे कॉलेज पडलं पहिल्या दोन वर्षांचं. पदवी मिळणार ती डोंगराकडच्या विद्यापीठात. इतिहास, गणित, भूगोल, सगळं चेबोने केव्हाच पार केलं होतं. भाषणकलेचा एकच विषय राहिला होता आणि त्याच्याशिवाय विद्यापीठ दारात उभं करत नव्हतं.

दर वेळी तो नाव घालायचा. पहिल्या तासाला प्रत्येकाने उठून आपली ओळख करून द्यायची असते. चेबोची पाळी जवळ आली की त्याला तहान लागायची. पाणी प्यायला म्हणून जो बाहेर पडायचा, तो थेट बसमध्ये जाऊन बसायचा.

झुल्मिरा फागुंडिस या कॉलेजातून मुलांना पुढे विद्यापीठात पोचवायचं काम करत. कुठले विषय घ्यायचे, कुठे अर्ज करायचा, घरच्यांना कसं पटवायचं, सगळं त्यांच्याकडे. बाईंचे आईबाप दूर समुद्रातल्या बेटांवरून येऊन इथे गोठ्यात राबले. भाऊ अजूनही गाईच सांभाळत होता. बाईंच्या हातून गेलेल्यांत नर्सा होत्या, इंजिनियर होते, एक न्यायाधीशही होती. गेलेले बहुतेक परत फिरकत नसत. पोचवणाऱ्याचं काम हेच, असं बाई म्हणत. चेबो मात्र जातच नव्हता.

"बसभर पोरांवर रोज ओरडतोस, तेव्हा आवाज कुठून येतो रे?"

"ती पोरं आहेत हो. आणि त्यांच्याकडे माझी पाठ असते." चेबो उठला. "येतो. फेरीची वेळ झाली."

बाईंनी तेव्हा ते बोलणं कानाआड केलं.

जानेवारीत धुकं उतरलं. आमच्या खोऱ्यातलं धुकं म्हणजे हात लांब केला तर बोटं दिसू नयेत असं. अशाच एका सकाळी बाईंची गाडी बदामाच्या बागेपाशी बंद पडली. त्या कोट गुंडाळून रस्त्याकडेला उभ्या होत्या, तेवढ्यात दोन पिवळे दिवे हळूहळू जवळ आले आणि बसचं दार फुस्सकन उघडलं.

"चढा, बाई."

"मला कसं घेशील? नियमात बसतं का?"

"तुम्हाला इथे गारठत ठेवणं तरी कुठे बसतं? डेपोला कळवतो मी. चढा."

बाई पहिल्या बाकावर बसल्या. चेबोने बस गोगलगायीसारखी पुढे काढली आणि मघाशी तुटलेला धागा पुन्हा धरला.

"तर काय सांगत होतो? या सगळ्या शेतांच्या जागी तळं होतं. केवढं? इथून शाळेपर्यंत जा, आणि मग आणखी कितीतरी. त्यावर बोटी चालायच्या."

"थापा!" मागून एक आवाज आला.

"थापा मारायला मला पगार मिळत नाही. फक्त बस चालवायला मिळतो."

"मग माझं घर कुठे होतं?" एका चिमुरडीने विचारलं.

"पाण्याखाली. तुझी खापरपणजी मासा होती."

बसभर हशा पिकला. पण बोटींचं वर्णन सुरू झालं तसं सगळे गप्प झाले. मागच्या बाकावरच्या दांडगट पोरांनी कानातली गाणी काढून ठेवली होती. समोर धुकं, मागे पोरं, आणि मध्ये चेबोचा भरदार, सावकाश आवाज. बाई त्या पाठीकडे बघत राहिल्या. मग चेबोचं ते पाठीचं बोलणं आठवून त्यांनी कपाळावर हात मारला.

भाषणकला शिकवायचे वार्तान कास्पारियन. तरुण, इस्त्रीचा शर्ट, शिस्तीचे पक्के.

"बाई, लोकांसमोर उभं राहायचं, हाच तर विषय आहे," ते म्हणाले.

"उभा राहील हो. सुरुवात तेवढी बसून करू द्या."

"आणि मी वर्ग बसमध्ये भरवू?"

"बसचा हीटर चालतो. तुमच्या वर्गातला बंद आहे."

कास्पारियनसरांनी गार पडलेले हात खिशात घातले. "एकदाच," ते म्हणाले.

ठरलेल्या दिवशी अख्खा वर्ग बसमध्ये चढला. लहान पोरांच्या बाकांवर मोठ्यांचे गुडघे मावेनात. सर सगळ्यांत मागे, हनुवटीला गुडघे लावून बसले. झुल्मिराबाईंना कोणी बोलावलं नव्हतं. त्या आत, दाराशी उभ्या राहिल्या.

चेबो आपल्या जागेवर बसला. इंजिन बंद, हात मात्र स्टिअरिंगवर.

"पट्टे बांधा," तो अखेर म्हणाला.

दोघातिघांनी खरोखरच पट्टे शोधले. सगळे हसले आणि चेबोची गाडी सुरू झाली. तळं, बोटी, मासे, थव्यांनी येणारे पक्षी. काचेकडे बघत तो झकास बोलत होता. इतक्यात पा न्हिया नावाच्या एका मुलीने विचारलं, "मग एवढं पाणी गेलं कुठे?"

"कुठे म्हणजे? नद्या अडवल्या. एक इकडून यायची..." हात करून दाखवायला चेबो उठला, वळला, आणि पंचवीसतीस चेहरे आपल्याकडे बघताहेत हे त्याला दिसलं. त्याने दाराचा दांडा ओढला. दार उघडलं आणि तो सरळ खाली उतरून गेला.

"झालं," बाई पुटपुटल्या. त्यांना वाटलं, आपणच घाई केली. आता हा कॉलेजलाही यायचा नाही.

खिडक्यांच्या खालून चेबोची टोपी मागच्या बाजूला जाताना दिसली. मग ती दुसऱ्या बाजूने पुढे आली. बसला पुरता वळसा घालून चेबो पुन्हा पायऱ्या चढला. दम लागला होता.

"टायर बघून आलो," तो म्हणाला. "ठीक आहेत." आणि बाकांच्या मधल्या वाटेत, सगळ्यांकडे तोंड करून उभा राहिला. "तर एक नदी इकडून यायची."

कपाळावरून घाम निथळत होता. पण एकेक नदी त्याने शेतांपर्यंत आणून सोडली. शेवटी पा न्हियाने पहिली टाळी वाजवली. सर मागून ओरडले, "पुढचं भाषण वर्गात! टायर नाहीत तिथे!"

पुढची भाषणं त्याने वर्गात केली. प्रत्येकाच्या आधी त्याचा चेहरा पांढराफटक पडायचा, पण तहान लागली नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी विद्यापीठाने त्याला घेतलं. त्या दिवशी बाईंना खुर्चीतून उठवून चेबोने आनंदाने गदागदा हलवलं होतं.

ऑगस्टमध्ये विद्यापीठ सुरू झालं त्या सकाळी बाईंचा फोन वाजला.

"बाई, पोचलो."

"शाब्बास! कसं आहे?"

"माहीत नाही. गाडीतच बसलोय. इथली सगळी माझ्या धाकट्या मुलापेक्षा लहान दिसतात हो."

"उतर, चेबो."

"उतरतो. जरा बसतो आधी."

बाई काही बोलणार, तोच पलीकडे काचेवर टकटक झाली. एका मुलीचा घाबराघुबरा आवाज आला. "सर, माफ करा हं... तुम्ही इथे शिकवता का?"

गाडीची काच खाली सरकली.

"अजून नाही," चेबो म्हणाला. "का गं?"

"मला इतिहासाचा वर्ग सापडत नाहीये."

"मलाही नाही सापडलेला. थांब, दोघं मिळून शोधू."

दार उघडल्याचा, लागल्याचा आवाज आला. फोन शर्टाच्या खिशात गेला असावा. कापड घासत होतं आणि त्यातून चेबो ऐकू येत होता. "कुठल्या गावची तू? अरे, मग तुझ्या गावावरून बोटी जायच्या, ठाऊक आहे का?"

ग्रंथालयाची मागची वाट, स्वस्त जेवण कुठे मिळतं, कुठल्या प्राध्यापकाला आधी भेटायचं, असं बरंच सांगायचं बाईंनी मनाशी ठरवून ठेवलं होतं. पावलं वाजत होती. मुलगी हसली.

"चेबो," बाई म्हणाल्या. पण हळूच, त्याला ऐकू जाऊ नये इतपतच. आणि आणखी थोडा वेळ ऐकून त्यांनी फोन खाली ठेवला.