तुमची नोंदणी आधीच झाली आहे

म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या चष्म्याची काडी ताईने गरम हवेवर धरली, मऊ झाल्यावर अंगठ्याने हलकेच आत वळवली आणि चष्मा त्याच्या कानांवर चढवून ती मागे सरकली.

"आता?"

"घसरत नाही. पण कान धरल्यासारखं वाटतंय."

"शाळेत धरायचे तसं?"

"तितकं नाही."

"मग बरोबर बसलाय. उद्यापर्यंत सवय होईल."

म्हातारा हसत काउंटरकडे गेला आणि ताईने सकाळपासून न पाहिलेला फोन ॲप्रनच्या खिशातून काढला. धाकटीच्या कामाचा एक मेल येऊन पडला होता. नवीन पान, नवीन फॉर्म. म्हणजे नेहमीची चाचणी.

धाकटी तिची सख्खी बहीण. पोहण्याचा क्लास असो, कुंड्यांचं दुकान असो नाहीतर दातांचा डॉक्टर, ती त्यांच्यासाठी इंटरनेटवर एकेक पान बनवून द्यायची. वर फोटो, खाली चार ओळी, त्याखाली मेलचा पत्ता लिहायची चौकट आणि एक ठसठशीत बटण. आल्यागेल्याने त्या चौकटीत आपला पत्ता लिहिला की धाकटीचं काम फत्ते. मग त्या बिचाऱ्याला दर आठवड्याला मेल जात राहायचे, तो गिऱ्हाईक होईपर्यंत किंवा कंटाळेपर्यंत. प्रत्येक पानाची पहिली चाचणी ताईच्या पत्त्यावर व्हायची. मेल पोचला का, नको त्या ढिगाऱ्यात तर पडला नाही, बटण दाबून नोंदणी पक्की होते का, अक्षरं वाचता येतात का, हे ताईने बघायचं आणि दोन शब्दांत कळवायचं. चष्म्याच्या दुकानातल्या बाईला वाचता आलं नाही तर कुणालाच येणार नाही, असं धाकटी म्हणायची. ताईलाही त्याचं अप्रूप होतं. बहिणीच्या कामात आपलंही बोट लागतं, एवढंच, पण ते तिला आवडायचं.

अलीकडे घरी असली की हे काम भिंगरीच उरकून टाकायची. भिंगरी म्हणजे ताईची मुलगी. पंधरा वर्षांची झाली तरी एका जागी बूड टेकत नाही म्हणून नाव अजून टिकून होतं. आईचा मेल घरच्या कॉम्प्युटरवर उघडाच असायचा. मावशीचं काही दिसलं की ती बटण दाबून मोकळी व्हायची आणि वर शेरेही मारायची. "मावशी, हा हिरवा रंग आजारी दिसतोय गं."

ताईने सवयीने आधी बटण दाबलं. पडद्यावर आलं: 'धन्यवाद! तुमची नोंदणी आधीच झाली आहे.'

आधीच? घाईत धाकटीनेच दाबलं असेल, असं म्हणून तिने खालची पानाची लिंक उघडली. एका देखण्या बाईचा फोटो होता. खिडकीतून येणारं ऊन, खांद्यावर झोपलेलं बाळ. बाळंतपणानंतरचं पहिलं वर्ष सुखाचं करणारी कुणी डॉक्टरीणबाई दर आठवड्याला मेल पाठवणार होती. त्याखाली एका आईचं मनोगत होतं.

'माझी मुलगी रडायला लागली की मी तिला पाळण्यात ठेवायचे, दार ओढून घ्यायचे आणि जिन्यात जाऊन बसायचे. खिडकीखालच्या, कोपरा तुटलेल्या पायरीवर. रडणं थांबलं की मगच आत जायचे. एकदा वाटलं होतं, मी आत जाईन तेव्हा तिला कुणीतरी घेऊन गेलेलं असू दे. हे मी कुणालाही सांगितलं नाही.'

ताईने ते पुन्हा वाचलं. मग समोरच्या ट्रेमधली एक काच उचलली, पुसली, ठेवली आणि तीच परत उचलून पुसली.

कुणालाही सांगितलं नव्हतं हे जवळजवळ खरंच होतं. नवऱ्यालाही नाही. तो संध्याकाळी यायचा तेव्हा बाळ न्हाऊन, पावडर लावून तयार असायचं आणि तो म्हणायचा, किती शहाणं लेकरू आहे. सांगितलं होतं ते फक्त धाकटीला. धाकटीचा मुलगा महिन्याचाही नसेल तेव्हा. ती पलंगाच्या कडेला बसून हमसून हमसून रडत होती, मी आई व्हायच्या लायकीची नाही म्हणत होती, दोन रात्री डोळ्याला डोळा नव्हता. ताईने तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि मग, दुसरं काहीच सुचेना म्हणून, आपल्याजवळचं सगळ्यात वाईट तेच काढून तिला दिलं होतं. ते ऐकून धाकटी शांत झाली होती. झोपलीही होती, ताईचा हात घट्ट धरून.

ताईने फोनवरचा मेल पुसून टाकला. इथे पुसला की घरच्या कॉम्प्युटरवरूनही जातो, हे तिला भिंगरीनेच शिकवलं होतं. आज शनिवार, शाळेला सुट्टी. पण सुट्टीच्या दिवशी पोरगी दुपारशिवाय उठते कुठे? या विचाराने तिला जरा धीर आला. जगाने वाचलं तर वाचू दे, जग तिला ओळखत नाही. भिंगरीच्या नजरेला पडता कामा नये.

"डोकं चढलंय," तिने दुकानाच्या मालकाला सांगितलं. तो तिच्या चेहऱ्याकडे बघून नुसता "जा" म्हणाला.

धाकटीची कामाची खोली एका छपाईच्या दुकानावर होती. खालची यंत्रं चालू झाली की वरची फरशी थरथरायची. दोन पडदे लावून ती पाठमोरी बसली होती. एकावर तेच पान होतं, दुसऱ्यावर वर चढत जाणारी एक निळी रेघ.

"ताई! ये ना. तू दुकानात नाहीस आज?"

ताई बसली नाही.

"पायरीसुद्धा ठेवलीस," ती म्हणाली.

धाकटीने पडद्याकडे पाहिलं, मग ताईकडे. तोंडावरचं हसू कुठे ठेवावं हे तिला कळेना.

"तुला कसं... मी तुझा पत्ता काढला होता यातून."

"काढला होतास?"

"म्हणजे, पानं दोन आहेत. लोकांना आळीपाळीने दाखवायची, ज्यावर जास्त माणसं पत्ता देतील ते ठेवायचं. पहिलं पान गेल्या आठवड्यात लावलं, त्याच्या चाचणीतून तुला काढलं. दुसरं पान मी कुंड्यांच्या जुन्या पानाची नक्कल करून बनवलं. त्यातून तुझा पत्ता सोबत आला असणार. माझ्या लक्षातच नाही आलं गं."

म्हणजे चूक झाली ती एवढीच, असं तिच्या बोलण्यावरून वाटत होतं. ताईला हसू आलं आणि त्या हसण्याची तिला स्वतःलाच भीती वाटली. परक्याने केलं असतं तर तिने चार शिव्या घालून विषय संपवला असता. इथे केसाने गळा कापला होता आणि कापणारी पुढ्यात बसून नक्कल कशी झाली ते समजावून सांगत होती.

"नाव कुठे आहे त्यात तुझं?" धाकटी म्हणाली. "फोटोही दुसऱ्याच बाईचा आहे. कुणाच्या बापाला कळणार नाही."

"मग पायरी कशाला हवी होती?"

धाकटीने पडद्याकडे बोट दाखवलं. "ती काढून बघितली. काढली की ते खोटं वाटतं. खरा तपशील असला की माणसं विश्वास ठेवतात, फॉर्म भरतात." मग खुर्ची वळवून ती पुढे झुकली. "ताई, बायका उलट मेल पाठवतायत. आमचंही असंच झालं म्हणून. एकीने तर लिहिलंय, आज पहिल्यांदा झोप लागली. मला लागली होती तशीच. तुझ्यामुळेच ना ते?"

ते खरं असेल. ताईला ते नाकारता येईना, म्हणून जास्तच संताप आला.

"मला विचारायचं होतंस."

"तू नाही म्हणाली असतीस."

"हो."

"म्हणून तर..." धाकटीने वाक्य अर्धंच सोडलं.

खाली यंत्र सुरू झालं. टेबलावरचा कप बशीत किणकिणायला लागला. पडद्यावरच्या बटणाखाली बारीक करड्या अक्षरांत एक ओळ होती. ताईचा तर धंदाच बारीक अक्षरांचा. तिने ती उभ्या उभ्या मोठ्याने वाचली.

"'तुम्ही विश्वासाने दिलेली माहिती आम्ही कुणालाही देत नाही.'"

"ते सगळ्याच पानांवर असतं," धाकटी पुटपुटली.

"काढून टाक ते पान."

"सोमवारी काढते. नक्की. आज काढलं तर डॉक्टरीणबाई विचारतील, एवढं छान चाललेलं पान का बंद केलं म्हणून. त्यांना काय सांगू?"

ताईने तिच्याकडे नीट पाहिलं. लहानपणी हिच्या वेण्या घालून दिल्या होत्या. परीक्षेच्या दिवसांत हिच्यासाठी पहाटे उठून बसायची ती. हिला खरंच कळत नाहीये, की कळतंय आणि तरीही सोमवार हवाय?

"भिंगरी बघते माझा मेल," ताई म्हणाली. "सोमवारपर्यंत थांबायचं म्हणतेस? ती वाचेल ते. मी मेल पुसलाय, पण तू असे आणखी किती पाठवशील कोण जाणे. नशीब माझं, बटण आधी तूच दाबून ठेवलं होतंस, तिने नाही."

"कुठलं बटण?"

"नोंदणीचं. मी दाबलं तर म्हणे आधीच झाली आहे."

"मी नाही दाबलं," धाकटी म्हणाली. "मला माहीतच नव्हतं तुला मेल गेलाय ते. मी कशी दाबेन?"

कप किणकिणत होता. धाकटीने दुसऱ्या पडद्यावर काहीतरी उघडलं, खाली सरकवलं आणि तिचा हात तिथेच थांबला.

"सकाळीच झालीय नोंदणी," ती हळूच म्हणाली. "फोनवरून नाही. कॉम्प्युटरवरून."

"घरच्या," ताई म्हणाली. मग धाकटी घाईघाईने वळली, तिने कुठेतरी क्लिक केलं आणि ते ऊन, ते बाळ, ती पायरी, सगळं पडद्यावरून नाहीसं झालं.

"काढलं," ती म्हणाली. "ताई, काढलं बघ."

पण ताई जिना उतरून खाली गेलीसुद्धा होती.

घरी जाताना तिने वाटेत काय काय बोलायचं ते जुळवलं. ती मी नव्हेच. मावशी काय, काहीही रचते. पोरी, अशा पायऱ्या गावभर असतात. एकेक वाक्य तिने मनात बसवून पाहिलं आणि एकही बसेना. इमारतीत शिरल्यावर जिना चढताना वरून कसला तरी आवाज ऐकू येऊ लागला. कर्कश, न थांबणारा. घरातल्या जुन्या घड्याळाचा गजर होता तो. भर दुपारी.

वळणावर ती थबकली. खिडकीखाली, कोपरा तुटलेल्या पायरीवर, भिंगरी बसली होती. घरच्याच कपड्यांत, गुडघे छातीशी घेऊन. वर दार ओढून घेतलेलं होतं. आत गजर वाजत होता.

"इथे का बसलीस?" ताईने विचारलं. इतकं जुळवलेलं असून तोंडातून एवढंच निघालं.

"बघत होते," भिंगरी म्हणाली. मावशीला रंगाबद्दल सांगताना असायचा तसाच तिचा आवाज होता, सरळ आणि कोरडा. "इथून आतलं ऐकू येतं का ते. मला वाटलं, येत नसेल."

ताई एक पायरी वर चढली.

"येतं," भिंगरी म्हणाली. "स्वच्छ येतं."

"हो."

"तुला येत होतं?"

"हो. सगळं येत होतं."

भिंगरीने मान हलवली. डोळे लाल होते, पण ती आत्ता रडत नव्हती. "मावशीला सांगितलंस."

"तिला तेव्हा फार..."

"मला नाही सांगितलंस. मी होते ना ती. मला आधी सांगायचं होतंस."

ताईने तोंड उघडलं. तू रडली असतीस, तू माझा राग केला असतास, असं काहीतरी तिच्या ओठांवर आलं आणि घटकेपूर्वी छपाईच्या दुकानावर ऐकलेलं धाकटीचं वाक्य तिला आठवलं: तू नाही म्हणाली असतीस. तिने तोंड मिटलं. सकाळपासून ती एकटीच फसवली गेली होती, असं तिला वाटत होतं.

गजर वाजतच होता. ताईची पावलं सवयीने वर दाराकडे वळली. बंद करून यावं, शेजारी काय म्हणतील.

"नको," भिंगरी म्हणाली. "थांबेपर्यंत आत जायचं नाही. बस."

ताई बसली. मुलीने सरकून जागा दिली नाही, म्हणून ती खालच्या पायरीवर बसली. दोघी भिंतीकडे बघत राहिल्या. आवाज दारातून येत होता, फरशीतून येत होता, आणि पंधरा वर्षांत तो जराही कमी झालेला नाही असं ताईला वाटलं. तिने कानांवर हात ठेवले नाहीत. तेव्हा ठेवायची.

बऱ्याच वेळाने घड्याळाची चावी संपत आली. गजर अडखळला, मंदावला, आणि थांबला. जिन्यात एकदम शांत झालं.

"जा आता आत," भिंगरी म्हणाली.

ताई उठली नाही.