सरळ पट्टी

दुपारी सव्वातीनला वॉर्डातून फोन आला, "ताई, सात नंबरला सरळ पट्टी हवीय."

सगळ्या मजल्यांवर तिला पट्टीवाल्या ताई म्हणत. हृदयाचा आलेख कागदाच्या पट्टीवर काढून द्यायचा, हे तिचं एकोणीस वर्षांचं काम. सरळ पट्टी म्हणजे गेलेल्या माणसाची. ती फाइलला लागल्याशिवाय डॉक्टर सही करत नसत.

सात नंबरला तिचा दादा होता.

फोनवर सिस्टरने जीभ चावली. "अगं बाई! लक्षातच नाही आलं माझ्या. दुसऱ्या कुणाला सांगते."

"दुसरं आहे कोण? एक रजेवर, एक जेवायला. येते मी."

यंत्राची गाडी ढकलत ती निघाली. तिला काहीच वाटत नव्हतं. कुणीतरी आतला दिवा मालवून, दार ओढून घेऊन गेलं असावं, तसं.

खाटेशी वहिनी बसली होती, डॉक्टर भिंतीला टेकून उभे. तिने दादाच्या हातापायांना चिमटे लावले, छातीला जेल लावली. कालच तो कुरकुरला होता, "जरा कोमट करून आणत जा की. आजाराने नाही, तुझ्या या गारठ्यानेच जायचा मी." तिने दटावलं होतं, "गप पड रे. बोललास की रेघ बिघडते." त्यानंतर दोघांचं बोलणं झालंच नाही.

बटण दाबलं. कागद सरकू लागला. रेघेवर बारीक बारीक लाटा उमटत होत्या.

वहिनी ताडकन उठली. "हलतंय! डॉक्टर, बघा ना. मी म्हणतच होते!"

डॉक्टरांनी दादाच्या गळ्याशी बोटं टेकवली. मग तिच्याकडे पाहिलं.

तिचा डावा हात दादाच्या मनगटावर होता, अंगठा चिमट्याला टेकलेला. नवख्यांना ती पहिल्याच दिवशी बजावायची, पेशंटला धरायचं नाही, आपला हात हलला तरी कागदावर येतो. आपला हात थरथरतोय, हे तिला आज कागदावरूनच कळलं.

"बोल ना गं काहीतरी. आहेत ना हे?"

हात उचलायचा, एवढंच होतं. तो उचलेपर्यंत वहिनीचा नवरा होता. तिने मनात एकदा देवाचं नाव घेतलं.

"वहिनी, तो माझा हात आहे."

आणि तिने हात काढून घेतला. रेघ आडवी पडली. वहिनी हळूहळू खुर्चीत बसली. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. नियमाला वीतभर कागद पुरतो, तिने हातभर जाऊ दिला. मग फाडून त्यावर नाव घातलं आणि वेळ, तीन सदतीस.

"तो आधीचा तुकडा दे मला," वहिनी म्हणाली.

"तो खोटा आहे गं."

"असू दे."

तिने लाटांचा तुकडा वेगळा फाडून वहिनीच्या हातात दिला, आणि कापसाने दादाच्या छातीवरची जेल पुसायला घेतली.