चैतालीचं कोर्ट कुणी उकरलं

साहेब, चैतालीचं कोर्ट तुम्ही उकरलं. जेसीबी तुमचा, हुकूम तुमचा, आणि ‘जनतेच्या सुरक्षेसाठी’ ही थापही तुमचीच. वरून आदेश होता असं सांगू नका. वर एक हेलिकॉप्टर तेवढं येऊन गेलं होतं, आणि त्याला बिचाऱ्याला खालचं काही दिसलं नव्हतं. आता खुर्चीत नीट बसा आणि ऐका. तुमच्या अहवालात यातलं काही येणार नाही, म्हणून इथं येतंय.

चैताली म्हणजे नागसेन कंडक्टरची पोरगी. अणदूरच्या पलीकडं, हायवे सोडून आत, एसटी मनात आलं तरच येते अशा गावातली. लहानपणी एकदा बापाबरोबर सोलापूरला गेली आणि एका क्लबाच्या जाळीला नाक लावून उभी राहिली. आत दोन माणसं पांढऱ्या चड्ड्या घालून चेंडू मारत होती. गाडी सुटायची वेळ झाली तरी पोरगी हलेना.

“चल की गं, ड्रायव्हर बोंबलंल.”

“पप्पा, मला ह्ये खेळायचंय.”

नागसेननं तिला फरफटत नेली खरी, पण डोक्यातून ते जाईना. पुढं त्यानं सोलापूरची ड्युटी मागून घेतली. सकाळच्या फेरीला पोरीला क्लबात सोडायची, दुपारच्या फेरीला उचलायची. क्लबातला म्हातारा मार्कर, म्हणजे मेंबरांना खेळवणारा नोकर, तिला चेंडू उचलायच्या बोलीवर खेळू द्यायचा. होता होता उचलणं राहिलं बाजूला, आणि म्हाताराच तिचे चेंडू उचलायला लागला.

मग चैताली व्यावसायिक झाली. शब्द लई मोठा, पण टीव्हीवर दिसतं ते टेनिस निराळं. हिचं टेनिस म्हणजे इजिप्त, तुर्कस्तान, ट्युनिशिया. समुद्राकाठच्या हॉटेलाच्या मागची कोर्टं, प्रेक्षकांत दोन मांजरं आणि समोरच्या पोरीची आई. आठवडाभर इथं, पुढचा आठवडा तिथं. स्वतःच्या रॅकेटला तार स्वतःच ओढायची, स्वतःचे कपडे बेसिनमध्ये धुवायचे. किटबॅगेत रॅकेटांच्या शेजारी कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. कैरोच्या विमानतळावर एका पोलिसानं भाकरी उचलून बोटानं वाजवून बघितली. चैतालीनं तुकडा मोडून आधी स्वतः खाल्ला, मग चटणी लावून त्याला दिला. गड्याच्या डोळ्यांतून पाण्याची धार लागली. बाकीची बॅग त्यानं उघडलीच नाही.

मातीच्या कोर्टावर तिला आवरणं अवघड होतं. घसरत जायची आणि मेलेला चेंडू जिता करून परत पाठवायची. ट्युनिशियात एका मानांकित झेक पोरीचा तिनं असा घाम काढला की शेवटी त्या पोरीनं रॅकेट आपटून मोडली. त्या महिन्यात चैताली जगात चारशे अकरावी होती.

गावात बातमी आली तेव्हा महांतप्पा किराणावाल्यानं तोंड वाकडं केलं. “चारशे अकरावी? मंजी नापासच की.”

चैतालीची आत्या पुतळाबाई तिथंच साखर घेत होती. तिच्या जिभेला भलेभले वचकून असायचे. ती म्हणाली, “महांतप्पा, तुमच्या दुकानाचा गावात दुसरा नंबर हाय. अन् गावात दुकानं किती, तर दोन.”

पुढं खांदा गेला. ऑपरेशन झालं, पण सर्व्हिसला हात डोक्याच्या वर जाईना. सर्व्हिस नाही म्हणजे धंदाच बुडाला. तिशीच्या आत चैताली माजी झाली आणि गावी आली.

आणि मग सत्कार सुरू झाले. जयंतीच्या मंडपात सत्कार, यात्रेच्या फडात सत्कार, पतसंस्थेच्या वार्षिक सभेत सत्कार. चैताली प्रत्येक ठिकाणी एकच म्हणायची: जिल्ह्यात मुलींसाठी एक कोर्ट द्या, मी फुकट शिकवते. साहेब, जिल्हा कचेरीतल्या तुमच्या केबिनमध्येही ती हेच म्हणाली होती. तुम्ही म्हणालात, “टेनिस हे शहराचं असतं मॅडम, आपल्याकडं कबड्डी बघा.” आणि घंटी वाजवून शाल मागवलीत. तुमच्याकडं काहीही मागायला जावं, शाल मिळते.

शेवटी पुतळाबाई वैतागली. “त्या साहेबाच्या नादाला लागू नगंस. तुला सपाट अन् टणक जागाच पायजे ना? गावचं खळं पडलंय की.”

मळणीयंत्र आल्यापासून गायरानाच्या कडेचं सामाईक खळं ओसाड पडलं होतं. सरपंच कोंडीरामनं ग्रामसभेत हात वर करून सांगितलं, “घे बाय, खुशाल खेळ. तितं तसंबी कुत्रीच खेळत्यात.” त्याची स्वतःची नात राजनंदिनी सगळ्यात आधी नाव घालायला आली. नागसेनच्या भावकीतली भाग्यश्री दुसरी.

मग खळं जसं करतात तसंच कोर्ट केलं. ढेकळं फोडली, माती भिजवली, वर बैल फिरवले, बायकांनी धुमसानं चोपली, आणि शेणकाल्यात भुसा कालवून पुतळाबाईनं अशी सारवली की चेंडू टाकला तर टणकन गुडघ्याला यायचा. चैतालीनं पहिल्यांदा त्यावर घसरून बघितलं आणि येड्यागत हसत सुटली. ट्युनिशियात इतकी चांगली माती नव्हती म्हणाली. जाळं म्हणून सत्काराच्या शाली जोडून शिवल्या. आत्या म्हणाली, “साहेबाची शाल मधोमध घाल. चेंडू तितंच लागतो.”

वर्षभरात भाग्यश्री आणि राजनंदिनी अशा तयार झाल्या की पुण्याच्या राज्य निवड चाचणीला दोघींची नावं लागली. चाचणीला महिना होता. दोघींना सरावाला जिल्ह्यात दुसरी जागा नव्हती. हे कोर्ट गेलं तर चाचणीही गेली.

आणि तेवढ्यात, साहेब, तुमचे बडे पाहुणे यायचे ठरले. नळदुर्गाकडं कसलंसं उद्घाटन होतं. हेलिकॉप्टर उतरायला सपाट, कडक, झाडं नसलेली जागा हवी होती. तुमच्या माणसांनी तालुका पालथा घातला आणि तुम्हाला घेऊन ती चैतालीच्या कोर्टावर येऊन उभी राहिली.

“साहेब, हे कोर्ट आहे,” चैताली म्हणाली.

“तासाभराचा प्रश्न आहे मॅडम. गावाचं नाव होईल,” तुम्ही म्हणालात.

“एवढं वजन बसलं की माती दबेल.”

“दबली तर चांगलंच की. रोलरचं काम फुकटात.” सगळे हसले. तुम्हीही हसलात. आणि मग दहा माणसांसमोर म्हणालात, “जसं आहे तसं करून देणार. माझा शब्द.”

चैतालीनं शब्दावर विश्वास ठेवला. परदेशात पंचाशी भांडणारी पोरगी, पण घरच्या साहेबाला तिनं कोर्ट मोकळं करून दिलं.

आता कोंडीरामचं ऐका. उतरायच्या जागेवर चुन्यानं मोठा एच काढायचा होता. सरपंचाला ते पटेना. “पांढराफटक चुना? आपल्या मुलखात पाव्हणा भंडाऱ्यानं पिवळा झाल्याबिगर वेशीच्या आत येत न्हाय.” अणदूरचा खंडोबा जवळच, तेव्हा भंडाऱ्याला काय तोटा! त्यानं हळदीची पोती आणून ओतली आणि कोर्टभर पिवळाधमक एच काढला.

“कोंडीराम भाऊ,” पुतळाबाई म्हणाली, “त्या इमानाला वर पंखा असतोय.”

“असतोय म्हणूनच तर! आपले हात न दुखता आपोआप उधळतोय बगा.”

साहेब, तुम्ही तो एच बघितलात. “वा, सांस्कृतिक!” असं म्हणून मोबाईलवर फोटोही काढलात.

हेलिकॉप्टर खाली आलं. आधी जरा वारा सुटला, बायकांनी पदर धरले, बँडवाल्यांनी सूर लावला. मग एकदम सगळं जग पिवळं झालं. एच उठला आणि आभाळात गेला. बँडवाल्याच्या पिपाणीतून हळद निघाली. महांतप्पाची पिवळी म्हैस दावं तोडून पळाली. पिवळी म्हैस त्याच्याकडं नव्हतीच, ते हळदीत न्हालेले तुमचे पीए होते. पायलटनं अंदाजानंच टेकवलं. दार उघडलं, पाहुणे बाहेर आले, एक शिंक दिली, दुसरी दिली, आणि हात जोडायचे सोडून शिंकतच गाडीत बसले. उद्घाटनाचं भाषणही म्हणे शिंकांतच झालं.

गाव पोट धरधरून हसलं. चैतालीही हसली. धुरळा बसल्यावर मात्र वाकून बघितलं तर सारवण पापडासारखं उडालं होतं, चाकांखाली दोन खळगे पडले होते. आत्यानं हात फिरवून बघितला. “काय न्हाय होत. परवा सारवून देते, तेरवा खेळा.”

पण परवा उजाडायच्या आधी तुमचा जेसीबी आला. वरून तुमची खरडपट्टी निघाली होती, आणि कुणाला तरी दोषी धरणं भाग होतं. हळद टाकणाऱ्या सरपंचाच्या मागं मतं होती. फोटो काढणारे तुम्ही स्वतः होता. उरलं कोर्ट. जागा धोकादायक, पुन्हा कुणी उतरू नये म्हणून आडवे-उभे चर मारा, असा हुकूम निघाला.

कोंडीराम धोतर सावरत पळत आला. “अवो, भंडारा म्या टाकला! खळ्यानं काय केलंय?”

चैताली जेसीबीच्या समोर उभी राहिली. ड्रायव्हर सोमलिंग ओळखीचा, त्याची बहीण शाळेत चैतालीच्या वर्गातली. तो खाली उतरून म्हणाला, “ताई, तुमी हटला न्हाई तर मी बी न्हाई हलत. पर मग हितं उद्या दुसरा यील, त्यो तुमाला वळखत नसंल.” दुसरा आलाच. पोलीस घेऊन आला. दुपारपर्यंत बेसलाइन कुठं, सर्व्हिसचा चौकोन कुठं, काही उरलं नाही.

आणि साहेब, तुमची कमाल इथं. पुढच्याच आठवड्यात वृक्षारोपण होतं. आयते खणलेले चर बघून तुम्ही कार्यक्रम तिथंच लावलात. मंडप, खुर्च्या, कडुलिंबाची रोपं. आंतरराष्ट्रीय खेळाडूच्या हस्ते पहिलं रोप, म्हणून चैतालीला बोलावलंत.

ती आली. भाग्यश्री आणि राजनंदिनी रॅकेट घेऊन मागं उभ्या. चैतालीनं रोप हातात घेतलं आणि जपून सावलीत ठेवलं; झाडाशी तिचं काही वाकडं नव्हतं. मग तिनं निवेदकाच्या हातातला माईक काढून घेतला.

“साहेब, जसं होतं तसं करून देणार म्हणाला होता. दहा जण होते. कोंडीराम काका, होता का न्हाय तुमी?”

“व्हय, होतो!” कोंडीराम खुर्चीवरून उठून ओरडला. नागसेन उठला, मग बायका उठल्या.

“पोरींची चाचणी तोंडावर आलीय. उद्या सकाळी या दोघींनी—”

आणि तुम्ही डोळ्यानं खूण केली. माईक बंद पडला. बँडवाल्यांना वाजवायला सांगितलंत.

तिचा प्रश्न अर्धा राहिला, तो इथं पुरा करून ठेवलाय. बँड नाही, माईक नाही, निवांत वाचा. उद्या सकाळी भाग्यश्री आणि राजनंदिनीनं कुठं खेळायचं? जागा सांगा. चर कोण बुजवणार आणि कधी, तेही सांगा. आणि शाल नको आहे, साहेब, उत्तर द्या.